आठव्या दिवसाचा ताप

मे २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, झालेले दोन मृत्यू जाहीर केले. एक रुग्ण कल्याण तालुक्यातल्या म्हारळचा होता, दुसरा डोंबिवलीचा. आणखी सहा जण उपचार घेत होते. पुढचे काही आठवडे घरोघरी काळ्या बुरशीशिवाय दुसरा विषय नव्हता. मास्क, ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी, फ्रिजमधल्या कांद्यावरचा काळा थर अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. २० मे रोजी केंद्राने हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. जूनअखेर देशात ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले. नंतर साथ ओसरली आणि विषय मिटल्यासारखा झाला.

त्यातून एक समजूत मात्र मागे राहिली. बुरशी बाहेरून येते, दुबळ्या शरीरावर तुटून पडते आणि ज्याचे नशीब खोटे त्याला गाठते, अशी ती समजूत. आयसीयूच्या दाराबाहेर ती वेगळ्या शब्दांत ऐकू येते: ऑपरेशन चांगले झाले होते, पण इन्फेक्शन रक्तात गेले, शरीराने साथ दिली नाही.

ही समजूत उथळ आहे आणि तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत पडलेल्या रुग्णाला होणारा बुरशीसंसर्ग बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या शरीरातून, उपचारांनीच उघडलेल्या वाटेने येतो. तो ओळखायला किती दिवस लागले, यावर रुग्ण जगणार की नाही हे बरेचसे ठरते. म्हणून हा प्रश्न नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही. तो प्रयोगशाळांचा, नोंदींचा आणि रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात कसा जातो याचा प्रश्न आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातली आरोग्यव्यवस्था नेमकी तिथेच कच्ची आहे.

१. वाट कोण उघडते

आयसीयूतल्या बुरशीसंसर्गांत सर्वांत मोठा वाटा कँडिडाचा. हे यीस्ट निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर एरवीही असते. आतड्यातले जिवाणू त्याला वाढू देत नाहीत आणि आतड्याची अखंड भिंत त्याला बाहेर पडू देत नाही. शस्त्रक्रियेच्या रुग्णात हे दोन्ही अडसर एकाच वेळी निघतात.

जठराच्या अल्सरला छिद्र पडून पोटात पू झालेला रुग्ण घ्या. सर्जन पोट उघडून छिद्र बंद करतो, पोट धुऊन काढतो, ड्रेन ठेवतो. मग ‘हायर’ अँटिबायोटिक सुरू होते; तोंडाने खाता येत नाही म्हणून मानेतल्या सेंट्रल लाइनमधून ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थ दिले जातात; लघवीची नळी असते, ॲसिड कमी करणारे इंजेक्शन असते, रक्तदाब सावरेना तर स्टिरॉइड, मूत्रपिंडे थकली तर डायलिसिस. यातले प्रत्येक पाऊल त्या क्षणी आवश्यक असते, त्याशिवाय रुग्ण तिसरा दिवसही पाहत नाही. पण अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणू मरतात आणि यीस्टला रान मोकळे मिळते. सेंट्रल लाइनच्या प्लास्टिकवर ते थर धरून बसते. त्यात आतड्याचा जोड गळू लागला आणि पोट दुसऱ्यांदा उघडावे लागले, तर यीस्ट थेट पोटाच्या पोकळीत उतरते. वारंवार आतडे फुटलेले, जोड गळालेले आणि स्वादुपिंड सडलेले रुग्ण सर्वाधिक धोक्यात असतात ते यामुळेच.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडलेला ‘कँडिडा स्कोअर’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात चारच गोष्टींना गुण आहेत: शस्त्रक्रिया, शिरेतून पूर्ण पोषण, शरीरात अनेक ठिकाणी कँडिडा सापडणे आणि तीव्र सेप्सिस. चारांपैकी पहिल्या दोन गोष्टी रुग्णालयच रुग्णाला देते. रुग्णाचे वय, त्याची ‘ताकद’, त्याची पथ्ये यांना त्या यादीत जागाच नाही.

२. ‘शरीराने साथ दिली नाही’ हे उत्तर का पुरत नाही

एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात भारतातल्या २७ आयसीयूंनी मिळून रक्तात कँडिडा सापडलेल्या १,४०० रुग्णांचा अभ्यास केला. चंडीगडच्या पीजीआयमधले बुरशीतज्ज्ञ अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आयसीयूत दाखल होणाऱ्या दर हजारी ६.५१ रुग्णांना हा संसर्ग झाला होता. दाखल झाल्यापासून संसर्गापर्यंतचा मध्यक कालावधी होता आठ दिवस. आणि दाखल होताना आजाराची तीव्रता मोजणारा अपाची गुणांक फार चढा नसलेल्या रुग्णांनाही तो गाठत होता. म्हणजे दारातून आत येताना ही माणसे मरणाच्या टोकावर नव्हती. त्यांच्यातल्या निम्म्यांना बुरशी लागली ती आतल्या पहिल्या आठ दिवसांत.

त्याच रुग्णांपैकी ७४ जणांमध्ये कँडिडा ऑरिस सापडली, २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये. ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वेगळी केली गेली आणि काही वर्षांतच जगभरच्या आयसीयूंमध्ये पोहोचली. भारतीय पाहणीत तिचा संबंध कशाशी निघाला? आयसीयूतल्या लांब मुक्कामाशी, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेशी, आधी दिलेल्या बुरशीविरोधी औषधाशी, सार्वजनिक रुग्णालयाशी, आणि कमी अपाची गुणांकाशी. तुलनेने कमी आजारी असलेल्या माणसाला रुग्णालयात राहिल्यामुळे हा जंतू मिळत असेल, तर दोष त्याच्या शरीरावर ढकलता येत नाही.

यावर दुसरे टोक गाठणारेही आहेत. रुग्णालये घाण आहेत, फिनाइल टाका, असे म्हणून ते मोकळे होतात. स्वतःच्या आतड्यातून निघालेल्या कँडिडाला फरशी पुसून अडवता येत नाही. कँडिडा ऑरिस मात्र एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते, खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या वायरीवर दिवसच्या दिवस तग धरते आणि नेहमीची काही जंतुनाशके तिच्यावर चालत नाहीत, क्लोरीन लागते. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका नामांकित रुग्णालयात २०१५ ते २०१७ दरम्यान ७० रुग्ण, बहुतेक न्यूरो आयसीयूतून गेलेले, तिच्या तावडीत आले. शोध घेतल्यावर धागा पोहोचला काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमान-सेन्सरपर्यंत. ते सेन्सर काढल्यावर साथ आटोक्यात आली. हे कळले, कारण कोणीतरी प्रत्येक रुग्णातली बुरशी नावानिशी ओळखत होते आणि मोजत होते. स्वच्छतेची मोहीमसुद्धा प्रयोगशाळेपासूनच सुरू होते.

३. घड्याळ

आता या लेखाच्या गाभ्याकडे. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांमधल्या २३० रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी रक्ताचे कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घेतले त्याच दिवशी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १५ टक्के होते. एक दिवस उशीर झाला तर २४, दोन दिवस झाला तर ३७, तीन किंवा अधिक दिवस गेले तर ४१ टक्के. औषध तेच होते. फरक फक्त दिवसांचा.

हे आकडे डोंबिवलीतल्या २० खाटांच्या नर्सिंग होममध्ये आणून ठेवायला हवेत. ऑपरेशनला आठवडा झालेला आहे, टाके सुकत आहेत, आणि संध्याकाळी रुग्णाला पुन्हा ताप चढतो. सर्जन दिवसभरात चार-पाच रुग्णालयांत जाणारा, फिजिशियनही तसाच. रात्री हजर असतो तो आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. रक्त काढले जाते, पण बाटली त्या इमारतीत राहत नाही. कलेक्शन सेंटरचा माणूस ती सकाळी नेतो, आणि ती ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईतल्या मोठ्या प्रयोगशाळेत पोहोचते. शनिवार-रविवार आला तर आणखी वेळ. स्वयंचलित यंत्रात बाटली गेल्यावर कँडिडा वाढायला साधारण एक ते तीन दिवस, तिची जात ओळखायला आणखी एखादा, कोणते औषध चालेल ते कळायला पुन्हा एक-दोन. ‘यीस्ट ग्रोन’ असा निरोप येईपर्यंत त्या ४१ टक्क्यांच्या रकान्यात रुग्ण कधीच जाऊन बसलेला असतो.

त्यातही रक्ताचे कल्चर साधारण निम्म्याच रुग्णांमध्ये बुरशी पकडते. पोटात खोलवर गळू असेल तर ती अनेकदा रक्तात उतरतच नाही. प्रौढ रुग्णाचे एका वेळी सुमारे २० मिलिलिटर रक्त दोन बाटल्यांत जायला हवे; रोजच्या तपासण्यांनी नातेवाईक आधीच धास्तावलेले असतात आणि पाच मिलिलिटरवर काम भागवले जाते. मग कल्चर निगेटिव्ह येते, आणि ‘इन्फेक्शन नाही’ असे समजून आणखी वरचे अँटिबायोटिक चढवले जाते. ते बुरशीला काही करत नाही, उलट तिचे उरलेसुरले प्रतिस्पर्धीही मारते.

४. आक्षेप पहिला: मग सगळ्यांना आधीच औषध द्या

उशीर इतका घातक असेल, तर प्रत्येक गंभीर रुग्णाला बुरशीविरोधी औषध आधीच का देऊ नये? प्रश्न रास्त आहे आणि तो तपासूनही पाहिला गेला आहे. फ्रान्समधल्या १९ आयसीयूंमध्ये, शरीरात अनेक जागी कँडिडा असलेल्या आणि सेप्सिस झालेल्या रुग्णांना, रक्तात बुरशी सापडण्याची वाट न पाहता मायकाफंगिन देण्यात आले. २०१६ मध्ये निकाल आले. नवे बुरशीसंसर्ग कमी झाले खरे, पण जगणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली नाही. सरसकट औषधाने जीव वाचतात, असे ही चाचणी दाखवू शकली नाही.

निवडक रुग्णांची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये १९९९ साली आतडे पुन्हा फुटलेल्या किंवा जोड गळालेल्या रुग्णांना आधीच फ्लुकोनॅझोल दिले, तेव्हा पोटातला कँडिडासंसर्ग २३ पैकी एकालाच झाला. न दिलेल्या गटात २० पैकी सात जणांना. चाचणी लहान होती, पण दिशा स्पष्ट होती: धोका कोणाला आहे हे ओळखून दिलेले औषध उपयोगी पडते. त्याच देशातल्या १९८९ च्या एका अभ्यासात पोटातल्या द्रवात कँडिडा सापडलेल्या ४९ पैकी १९ जणांनाच खरा संसर्ग होता. बाकी ३० जणांत ती नुसती हजर होती.

हा भेद केला नाही तर काय होते, ते आपल्याकडे दिसते. थुंकीत कँडिडा आली म्हणून औषध सुरू होते, जिथे ती जवळजवळ कधीच न्यूमोनियाचे कारण नसते. लघवीच्या नळीत आली म्हणूनही होते. आणि आतड्याचा जोड गळालेल्या, खरोखर धोक्यातल्या रुग्णाला ते सुचतच नाही. औषध चुकीच्या जागी जास्त आणि योग्य जागी कमी पडते. भारतीय आयसीयूंच्या त्या पाहणीत ११.८ टक्के नमुने ॲझोल गटाच्या औषधांना दाद देत नव्हते, आणि सर्वाधिक आढळलेली जात होती कँडिडा ट्रॉपिकॅलिस, ४१.६ टक्के. सरसकट वापराने हे प्रमाण चढेल. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली, त्यात कँडिडा ऑरिसला सर्वांत वरच्या गटात ठेवले आहे.

औषधाचा तुटवडा हा मुद्दा इथे वारंवार पुढे केला जातो. २०२१ मध्ये म्युकरवरच्या लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीसाठी नातेवाईक दारोदार फिरले, ते खोटे नव्हते. पण देशात ते बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी भारत सिरम्सचा कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे, कल्याणहून तिसऱ्या स्टेशनवर. मागणी भडकल्यावर वर्ध्यातही उत्पादन सुरू झाले. औषध बनवण्याची क्षमता या राज्यात, या जिल्ह्यात आहे. ते कोणाला, कोणत्या दिवशी द्यायचे हे सांगणारी यंत्रणा नाही. आणि नुसत्या औषधानेही भागत नाही: संसर्ग झालेली सेंट्रल लाइन काढावी लागते, पोटातले गळू रिकामे करावे लागते, कल्चर स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा करावे लागते, त्यानंतरही १४ दिवस उपचार चालवावे लागतात, डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. यातले एक काम सर्जनचे, एक नेत्रतज्ज्ञाचे, एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे. कोणीतरी त्यांची मोट बांधावी लागते.

५. आक्षेप दुसरा: तो रुग्ण तसाही गेलाच असता

हा आक्षेप उघड कोणी घेत नाही, पण मनात तो अनेकांच्या असतो, डॉक्टरांच्याही. सडलेले स्वादुपिंड, तीन वेळा उघडलेले पोट. बुरशी फक्त शेवटचा धक्का देते, असे म्हणता येईल. त्याला उत्तर त्याच १,४०० रुग्णांच्या पाहणीत आहे. ३० दिवसांत त्यातले ४४.७ टक्के रुग्ण दगावले. मूळ आजाराचा वाटा वेगळा काढून बुरशीच्या माथी मारता येणारे मृत्यू होते १९.६ टक्के. म्हणजे आक्षेप निम्म्याहून थोडा अधिक खरा आहे, आणि उरलेल्या भागात एकूण रुग्णांपैकी दर पाचांत जवळजवळ एक माणूस आहे, जो मूळ आजाराने गेला नसता. इतक्या मोठ्या हिश्शाला ‘तसाही गेलाच असता’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्युकरने डोळा जातो, जबडा काढावा लागतो, चेहरा बदलतो. म्हणून समाजाने ती पाहिली आणि सरकारने तिची नोंद सक्तीची केली. कँडिडा दिसत नाही. तिचा रुग्ण कागदावर ‘सेप्टिक शॉक’ किंवा ‘मल्टिऑर्गन फेल्युअर’ म्हणून जातो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अशी किती माणसे जातात, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही.

६. जखमेतून शिरणाऱ्या बुरशी

एक गोष्ट थोडक्यात, कारण ती या भूगोलाशी जोडलेली आहे. म्युकर गटातल्या काही बुरशी मातीत असतात आणि उघड्या जखमेतून थेट शिरतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात टॉर्नेडोनंतर जखमींपैकी १३ जणांना असा संसर्ग झाला, पाच दगावले. भारतात अपघातांनंतर ॲपोफायसोमायसिस या बुरशीने मांस सडण्याचे प्रकार डॉक्टरांना परिचित आहेत. शिळफाट्यापासून मुरबाडपर्यंतचे रस्ते, पावसाळी चिखल आणि बांधकामांची धूळ असलेल्या पट्ट्यात, वारंवार साफ करूनही काळी पडत जाणारी जखम दिसली की तिचा तुकडा पॅथॉलॉजी आणि कल्चर या दोन्हींसाठी पाठवायला हवा. भाजलेल्या रुग्णांचेही तेच. डोंबिवली एमआयडीसीने २०१६ आणि २०२४ मध्ये मोठे स्फोट पाहिले आहेत. मोठ्या भाजण्यात पहिल्या आठवड्यातल्या जिवाणूंनंतर बुरशीची पाळी येते.

७. आक्षेप तिसरा: छोट्या रुग्णालयांना हे परवडणार नाही

हा सर्वांत वजनदार आक्षेप. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२.४७ लाख होती, ठाणे शहराची १८.४१ लाख; तेव्हापासून घोडबंदरपासून टिटवाळ्यापर्यंत इमारतींच्या रांगा वाढतच गेल्या. या लोकसंख्येच्या शस्त्रक्रियांचा मोठा भार छोटी खासगी नर्सिंग होम उचलतात. सार्वजनिक बाजूला कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. प्रत्येक नर्सिंग होमने कल्चरचे स्वयंचलित यंत्र आणि पूर्णवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ठेवावा, असे कोणी म्हणत नाही. ते शक्यही नाही.

पण एका शहराला मिळून एक प्रयोगशाळा शक्य आहे. चोवीस तास बाटल्या स्वीकारणारी, रविवारीही उघडी, यीस्ट दिसताच रिपोर्ट छापून होण्याची वाट न पाहता डॉक्टरला फोन करणारी. कळव्याच्या रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तिथला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग हा तिचा स्वाभाविक पाया. बीटा-डी-ग्लुकॅनसारखी तपासणी, जी निगेटिव्ह आली तर औषध थांबवायला आधार मिळतो, एकेकट्या नर्सिंग होमला महाग पडते. शंभर रुग्णालयांचे नमुने एकत्र आले तर तिचा दर उतरतो. जात ओळखण्यातही फरक पडतो. काही स्वयंचलित यंत्रे कँडिडा ऑरिसला दुसऱ्याच नावाने ओळखत आली आहेत. संशयास्पद नमुना पुढे संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवणारे कोणी असावे लागते.

महापालिकांकडे अधिकारही आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवलीत ती महापालिकाच करते. नियमांमध्ये २०२१ साली सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आली. आयसीयू चालवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रक्तातल्या कँडिडाचे रुग्ण कळवावेत आणि सेंट्रल लाइन किती दिवस होत्या याची नोंद ठेवावी, अशी अट नूतनीकरणाला जोडण्यात कुठला मोठा खर्च आहे? केरळने २०१८ मध्येच प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध राज्याचा कृती आराखडा केला. महाराष्ट्राच्या शहरांनी त्याहून छोट्या गोष्टीपासून सुरुवात केली तरी चालेल.

८. रुग्णाबरोबर काय जाते

१२ आणि १३ ऑगस्ट २०२३ च्या दरम्यान कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. राज्याने चौकशी समिती नेमली. त्या मृत्यूंचा बुरशीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण त्यांतल्या सोळा जणांच्या पत्त्यांची यादी बोलकी आहे: सहा ठाणे शहरातले, चार कल्याणचे, तीन शहापूरचे, भिवंडी, उल्हासनगर आणि गोवंडीचा प्रत्येकी एक. रुग्ण या जिल्ह्यात असा लांबून, गंभीर होऊन प्रवास करतो. गावातले नर्सिंग होम, मग ठाण्यातले मोठे खासगी रुग्णालय, आणि पैसे संपले की कळवा किंवा मुंबईतले सायन वा जे. जे. रुग्णालय. प्रत्येक टप्प्यावर नवे डॉक्टर, नवी फाइल आणि शून्यापासून सुरुवात.

बुरशीच्या रुग्णासाठी ही सुरुवात सर्वांत महाग पडते. पहिल्या रुग्णालयातून पाठवलेल्या कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो, तेव्हा रुग्ण तिथे नसतो; रिपोर्ट जुन्या फाइलला लागतो. नव्या आयसीयूत कोणालाच माहीत नसते की यीस्ट वाढले होते. हे थांबवायला यंत्र लागत नाही, एक पान लागते. ऑपरेशनची तारीख आणि पोट किती वेळा उघडले. जोड गळाला होता का. कोणती अँटिबायोटिक कधीपासून कधीपर्यंत. सेंट्रल लाइन कोणत्या दिवशी घातली. बुरशीविरोधी औषध दिले असेल तर कोणते आणि किती दिवस. आणि कोणती कल्चर पाठवली आहेत, कुठल्या प्रयोगशाळेत, कोणत्या नमुना क्रमांकाने. ॲम्ब्युलन्स कल्याणहून निघताना हे पान रुग्णाच्या चादरीखाली नाही, नातेवाइकाच्या हातात असावे, आणि त्यावर प्रयोगशाळेचा फोन नंबर असावा. मग कळव्यातला किंवा सायनमधला आरएमओ त्याच रात्री फोन करून विचारू शकतो, बाटलीत काही वाढले का.